नावेतलं डिझेल आणि मंडळाचं उटणं

दिल्लीत ओखल्याच्या धक्क्यावर यमुनेच्या पाण्याचे नमुने घेणारी सरकारी मोटरबोट उभी होती आणि प्रयोगशाळेचा मदतनीस विलास तिच्यात डिझेल भरत होता. ते टाकीत कमी आणि नावेच्या तळाशी जास्त जात होतं, कारण महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळी स्टॉलवरून त्याचं फोनवर भांडण चाललं होतं.

वास आल्यावर त्याने ताबडतोब बादलीभर पाणी ओतलं. डिझेल पाण्यावर तरंगत फळ्यांखाली सगळीकडे पोचलं. मग त्याने पाणी उपसायच्या पंपाकडे हात नेला.

"थांब!" डॉ. उत्तरा धक्क्यावरूनच ओरडल्या. "नदीत सोडतोस? आपल्याच नमुन्यात सापडेल ते!"

"सॉरी ताई. पण साहेब येतायत, यार... म्हणजे, ताई."

नाव उत्तराताईंच्या प्रयोगशाळेकडे ठेवायची की इंद्रजित चढ्ढांच्या विभागाला द्यायची, हे डायरेक्टरसाहेब आज ठरवणार होते. "मेंटेनन्स इनके बस का नहीं," असं चढ्ढा महिनाभर सांगत होते.

दोघांनी ते पाणी डब्यांनी उपसून झाकणाच्या पिंपात भरलं. फळ्यांवर तेलकट थर उरलाच.

"काहीतरी कोरडं हवं, तेल शोषणारं. तुझ्या गाडीत काय आहे?"

"स्टॉलचं उटणं. नाही हां ताई! खास पुण्याहून मागवलंय. इथे मिळत नाही!"

"अंगावरचं तेल काढतं ना? मग फळीवरचंही काढेल. आण."

पाकिटं फुटली. उटणं पसरलं, चोळलं आणि तेल पिऊन काळं झाल्यावर खरवडून पिंपात टाकलं. साबणाचं फडकं फिरलं, हवेसाठी झडपा उघडल्या. तरी वास होताच, आणि तो जागा बदलत होता.

"विलास, जरा पलीकडे जा."

वासही पलीकडे गेला. गुडघे टेकून काम केल्याने त्याची पँट डिझेलने भिजली होती.

"पँट बदल."

"काय घालू? स्टॉलच्या सामानात फक्त पूजेचं सोवळं आहे."

"बिल्कुल चालेल."

साहेब आले तेव्हा पँट झाकणबंद पिंपात होती आणि नावेच्या टोकाशी लाल रेशमी सोवळ्यात विलास उभा होता. चढ्ढा नाक पुढे करून आले. हवेत चंदन होतं, वाळा होता, कापूरकाचरी होती.

"अरे, पूजा चल रही है?" साहेबांनी चटकन बूट काढले. "चढ्ढाजी, जूते!"

मोज्यांवर चढ्ढांनी प्रत्येक फळी उचलून खाली हुंगलं. दर फळीगणिक त्यांचा चेहरा उतरत गेला.

"ज़ुकाम है क्या?" साहेबांनी विचारलं आणि ते उत्तराताईंकडे वळले. "जो लोग नाव को मंदिर की तरह रखते हैं, उनसे नाव कौन लेगा? ये आपके पास ही रहेगी."

विलासने प्रसंगावधान राखून शेवटच्या पाकिटातलं चिमूटभर उटणं साहेबांच्या हातावर ठेवलं. त्यांनी ते भक्तिभावाने कपाळाला लावलं.

चुकीचं निरीक्षण दुरुस्त केल्याशिवाय सोडायचं नाही, असा उत्तराताईंचा लौकिक होता. त्यांनी तोंड उघडलं, चढ्ढांकडे पाहिलं आणि मिटलं.