माळावरची सोनेखाण

आबासाहेब पाटलांचा तांबडा बैल चारी पाय बांधून नालबंदाच्या अंगणात आडवा पाडलेला होता आणि गनीभाई नालबंद तोंडात खिळे धरून त्याच्या खुराला नाल ठोकत होते, नेमके त्याच वेळी सुमंत मास्तर आले. तोंडात खिळे असलेल्या माणसाला प्रश्न विचारू नये, एवढं मास्तरांना कळायला हवं होतं. पण त्या दिवसांत मास्तरांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं.

"गनीभाई, ते सोनेखाण म्हणतात ते काय प्रकरण आहे?"

गनीभाईंनी हातोडी खाली ठेवली. खिळे तळहातावर काढले. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी तरी हा विषय आपणहून काढला होता.

"सोनेखान? तुमाला कुनी सांगितलं?"

"राहीबाई दळताना ओवी म्हणते. त्यात आहे."

आता हे आधीच सांगून टाकलेलं बरं. सोनेखान म्हणजे गनीभाईंचा पणजा. कुठल्याशा घोडेवाल्यांबरोबर तो बोरखडी गावात आला, इथल्या बैलांना नाल ठोकता ठोकता इथलाच झाला आणि गावाबाहेरच्या माळावर एका लिंबाखाली मातीआड झाला. कबरीवर दगड रचलेले होते, ते शेळ्यांनी पांगवले. गनीभाईंच्या बापानं मरताना लेकाचा हात धरून एवढंच मागितलं होतं, "बेटा, त्यांच्यावर एक चौथरा बांध." चौथऱ्याला दगड होते, बांधायला हात होते. अडचण एकच, माळ आबासाहेब पाटलांचा होता. गनीभाई दर सणाला पाटलांना विचारत आणि पाटील दर सणाला "बघू" म्हणत. पाटलांचं बघू म्हणजे नाही, हे अख्ख्या पंचक्रोशीला ठाऊक होतं. भाबड्या गनीभाईंना तेवढं कळत नव्हतं.

आणि सुमंत मास्तर? माणूस सोन्यासारखा, पण शुद्ध बोलण्याचं भारी वेड. 'पानी' म्हणणाऱ्या पोराला 'पाणी' म्हणेपर्यंत ते तहानलेलं ठेवत. शाळेच्या भिंतीपलीकडे राहीबाईचं जातं होतं. "लिंबाच्या सावलीला, सोनेखान गं निजला" अशी ओवी रोज कानावर पडायची. मास्तरांनी सवयीनं तिच्यातल्या दोन चुका दुरुस्त केल्या. खानची खाण केली, निजलाची निजली केली, आणि मग आपण काय दुरुस्त केलं आहे ते ध्यानात येऊन खुर्चीतून उठलेच. लिंबाच्या सावलीला सोनेखाण निजलेली आहे! तिकडे विलायतेतल्या लढाईमुळे सोन्याचा भाव आभाळाला टेकलेला, आणि इकडे बोरखडीची बाई जात्यावर बसून खाणीचा पत्ता सांगते आहे.

"कुठं आहे म्हणतात?" मास्तरांनी आवाज खाली आणून विचारलं.

"माळावर, लिंबाखाली. तिथं सोनेखान हाय, आमचे अब्बा सांगायचे."

"खाण म्हणा, गनीभाई. बाणातला ण."

"तुमी म्हना, मास्तर. आमाला न्हाई जमत." गनीभाईंना यात वावगं काही वाटलं नाही. मास्तर सगळीकडेच ण लावतात, तसा आपल्या पणज्यालाही लावत असतील. थोरामोठ्यांची बोलण्याची तऱ्हाच वेगळी.

"पूर्वी लोकांना ठाऊक होतं हे?"

खरं म्हणजे इथं गनीभाईंनी "असंल" म्हणून गप्प बसायचं. पण पणज्याचं कौतुक कुणी विचारलं की माणसाची जीभ सैल सुटते.

"ठाऊक? अवो, चार-चार कोसांवरनं लोक यायचे सोनेखानापायी. प्रवरेपल्याडचे मोठमोठे बागायतदार हात जोडून उभे राहायचे. आता कोन इचारतंय? दबून पडलाय बिचारा."

"पडली आहे. खाण स्त्रीलिंगी."

स्त्रीलिंगी हा काही तरी मोठा मानाचा शब्द असावा, असं गनीभाईंनी धरलं आणि बैलानं पाय झाडला म्हणून ते पुन्हा कामाला लागले.

मास्तर थेट पाटलांकडे गेले. आपल्या माळाखाली सोनं आहे हे ऐकून आबासाहेबांच्या हातातला तंबाखू खाली सांडला. पण ते पाटील होते, उतावळेपणा दाखवणं त्यांना शोभलं नसतं. "मास्तर, लोकं कायबी बोलत्यात. पुरावा तोलून बघितल्याबिगर मी कुदळ लावनार न्हाई," असं म्हणून त्यांनी चावडीत माणसं बोलावली.

गनीभाईंनाही बोलावणं गेलं. "सोनेखानाचं काय ते ठरवायचं हाय, पाटलांनी बोलिवलंय," एवढाच निरोप. गनीभाईंनी धुतलेला सदरा काढला, डोक्याला नवा रुमाल बांधला. त्यांची बायको मेहताब दारात उभी राहून बघत होती.

"पाटलांना एवढा पुळका कुठनं आला?" ती म्हणाली.

"देवानं बुद्धी दिली. तू मलिद्याचं बघ."

चावडीत पुरावा तोलायला सुरुवात झाली. राहीबाईनं पदर सावरून ओवी म्हटली. मास्तरांनी तिचा अर्थ सांगितला. "निजला न्हवं, निजली," असं पाटलांनीच आता राहीबाईला बजावलं. ती म्हणाली, "माझी सासू निजलाच म्हनायची," पण सासूची साक्ष तिथं कुणी धरली नाही. मग रंगनाथ सोनाराच्या हातात माळावरची एक पिवळट गारगोटी देण्यात आली. रंगनाथनं ती कसोटीवर घासली, उजेडात धरली, पुन्हा घासली. गावात सोनं निघालंच, तर सोनार तो एकटाच होता.

"कसाला उतरत न्हाई," तो म्हणाला. "पन सोनं लाजरं असतंय. येकदम वर येत न्हाई."

शेवटी गनीभाई पुढे आले. चावडीभर माणसं आपल्या पणज्यासाठी जमलेली पाहून त्यांना भरून आलं होतं.

"गनीभाई, नीट आठवून सांग," पाटील म्हणाले. "सोनेखान नक्की लिंबाखालीच हाय?"

"नक्की. माझ्या बापानं बोट लावून दाखिवलंय."

"खोल किती?"

"लई न्हाई. छातीभर."

चावडीत कुजबूज झाली. एवढं वर? पाटील पुढे सरकले.

"उभी हाय का आडवी?"

"आडवाच की, पाटील. उभा कसा असंल?" गनीभाईंना प्रश्नाचं नवल वाटलं. पण पाटलांना आपल्यातलं काय माहीत, म्हणून त्यांनी फोड करून सांगितलं. "डोकं उत्तरेला, पाय दक्षिनेला."

"म्हणजे दक्षिणोत्तर पसरलेली आहे," मास्तर म्हणाले.

"आन तोंड?" पाटलांनी विचारलं.

"तोंड पश्चिमेला. आमच्यात तसंच असतं."

"खाणीचं तोंड पश्चिमेला," मास्तरांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. यानंतर कुणाला कसली शंका उरणार? दिशांसकट साक्ष मिळाली होती.

"आरं, मग इतकी वर्षं बोलला का न्हाईस?" पाटील कळवळून म्हणाले.

"दर सनाला इचारतोय, पाटील. तुमीच बघू म्हनता."

आबासाहेबांनी कपाळाला हात लावला. हा माणूस सणासुदीला दारात येऊन माळाचं काही तरी बोलायचा खरा, आणि आपण सुपारी कातरत बसायचो. "चुकलंच माझं," ते म्हणाले. "उद्या उजाडताच कामाला लागू." गनीभाईंनी पुढे होऊन त्यांचे दोन्ही हात धरले. पाटलांना वाटलं, माणूस मोठ्या मनाचा, दुसऱ्याच्या जमिनीत सोनं निघतंय तर डोळ्यांत पाणी आणतोय.

मंडळी उठता उठता मास्तर म्हणाले, "एक सांगायचं राहिलं. खाण सरकारजमा असते. काही लपवाछपवी नको म्हणून मी कालच नेवाशाच्या बाजाराला जाणाऱ्याबरोबर मामलेदार साहेबांना निरोप धाडला. ते उद्या येतील."

सरकारचं नाव निघाल्यावर पाटलांना मास्तरांवर रागवायचीही सोय नव्हती. मग त्यांनी गड्यांना सांगून ठेवलं, साहेब यायच्या आत जेवढं निघेल तेवढं काढायचं.

सकाळी गनीभाई माळावर पोचले तेव्हा त्यांच्या हातात उदबत्त्या आणि हिरवी चादर होती. मागून मेहताब मलिद्याचं ताट घेऊन येत होती. लिंबाखाली अर्धं गाव जमलेलं. पाटलांनी नारळ फोडला होता आणि कडेला गुडघाभर चर खणून झाला होता. गनीभाई सुखावले. पाया चांगला खोल घेतायत, म्हणजे चौथरा दणकट होणार. तेवढ्यात एका गड्यानं मध्यभागी उभं राहून कुदळ उगारली.

"आरं, तिथं नको," गनीभाई धावले. "मधी सोनेखान हाय."

"म्हनून तर मधी," पाटील म्हणाले. "हान रे."

गनीभाईंनी उदबत्त्या टाकल्या आणि चादरीसकट त्या जागेवर पालथे पडले. गड्याची कुदळ हवेतच राहिली.

"आधी मला खना," जमिनीला तोंड लावूनच ते म्हणाले.

"हिस्सा पायजे काय तुला?" पाटील वैतागले. "देईन की थोडं फार. ऊठ."

"हिस्सा?" गनीभाईंनी मान वर केली. दाढीला माती लागली होती आणि डोळे भरून आले होते. "पाटील, आज्या-पणज्याचा कुनी हिस्सा करतंय का? माझ्या बापाचा आजा हाय ह्यो. चौथरा न्हाई बांधायचा तर नका बांधू, पन त्याला उकरून बाहेर काढू नका. मेलेल्या मानसावर एवढा राग कशापायी?"

गड्यानं कुदळ खाली टेकवली. मास्तर पुढे आले. त्यांचा आवाज बारीक झाला होता.

"कोण आहे तो, गनीभाई?"

"सोनेखान. बडेखानाचा लेक. सोनेखान नालबंद."

मास्तर मटकन खाली बसले. न आणि ण त्यांच्या डोळ्यांपुढे फेर धरून नाचू लागले. रंगनाथनं हातातली गारगोटी हळूच चरात सोडली. राहीबाईनं मास्तरांकडे असं बघितलं की त्यापेक्षा ती बोलली असती तर परवडलं असतं.

"गनीभाई, मला क्षमा करा," मास्तर म्हणाले. "माणसाची माती करून टाकली मी." आणि खरोखरच त्यांनी हात जोडले. गनीभाई उठून बसले. मास्तरांचे जोडलेले हात त्यांनी खाली केले. "जाऊ द्या. मीबी जास्तच फुगवून सांगितलं," ते पुटपुटले.

कोण किती चुकलं याचा हिशेब लागायच्या आतच खालून हाक आली. "पाटील, घोडं आलं. मामलेदार साहेब आले."

आबासाहेबांनी आजूबाजूला बघितलं. खणलेला चर उघडा, कुदळी उघड्या, नारळ फुटलेला. पाटील सरकारला चोरून खाण उकरत होता असं साहेबांनी धरलं तर पाटीलकी जाणार, आणि सोनं तर गुंजभरही नाही. त्यांनी मास्तरांकडे बघितलं, मास्तरांनी चराकडे, आणि दोघांनी एकदमच पांगलेल्या दगडांकडे.

"रचा रे," पाटील ओरडले आणि पहिला दगड त्यांनीच उचलला.

काय हात चालले त्या दिवशी! चराचा पाया झाला. राहीबाईनं ओच्यातून माती आणली. रंगनाथ सोनार, ज्यानं आयुष्यात तोळामाशापेक्षा जड काही उचललं नव्हतं, तो धोंडे वाहत होता. गनीभाई मध्ये उभे राहून "हळू, हळू, इकडं डोकं हाय," असं सांगत होते आणि लोक ऐकत होते. साहेब घोड्यावरून उतरले तेव्हा चौथऱ्याला आकार आला होता, हिरवी चादर अंथरलेली होती आणि मेहताबच्या मलिद्यावरचं फडकं निघालं होतं.

"कुठं आहे ती सोनेखाण?" साहेबांनी विचारलं.

मास्तर पुढे झाले. त्यांच्या कपाळावर घाम होता. "साहेब, निरोपात चूक झाली. ण नव्हे, न. सोनेखान. या गावचे एक जुने पुरुष."

"असं? मग ते इथंच आहेत याला पुरावा काय?"

"भरपूर आहे, साहेब. मी स्वतः तोलून पाहिला आहे." आणि मास्तरांनी सगळा पुरावा पुन्हा मांडला. जात्यावरची ओवी, छातीभर खोली, उत्तरेला डोकं, पश्चिमेला तोंड. या खेपेला त्यात काडीचीही दुरुस्ती करावी लागली नाही. साहेबांची मान हलत होती.

चौथऱ्याभोवतीच्या ओल्या मातीत मात्र त्यांनी बुटाचं टोक खुपसून पाहिलं. मग वळून त्यांनी करड्या आवाजात विचारलं, "आणि ही जागा कुणाच्या मालकीची?"

आबासाहेबांचा हात सवयीनं मिशीकडे गेला होता, तो मध्येच थांबला. त्यांनी साहेबांकडे बघितलं, कुदळीकडे बघितलं आणि मग गनीभाईंच्या मातीनं भरलेल्या दाढीकडे बघितलं.

"सोनेखानाची," ते म्हणाले. "वाडवडलांपासनं त्येंचीच हाय, साहेब. आमचा काय संबंध न्हाई."

"पाटलांनी सगळ्यांदेखत सांगितलं आहे, लक्षात ठेवा," असं साहेब गनीभाईंना म्हणाले. गनीभाईंनी बायकोच्या हातून ताट घेतलं आणि मलिद्याचा पहिला घास साहेबांच्याही आधी आबासाहेबांच्या हातावर ठेवला. पाटलांनी तो मुकाट्यानं तोंडात टाकला, आणि गोड आहे असंही म्हणाले.