देवस्थळी काकांचा नेम

केकमध्ये अंडं आहे की नाही याची खात्री करून घेतल्याशिवाय देवस्थळी काका कुणाच्या वाढदिवसाला टाळीसुद्धा वाजवत नाहीत. आणि हेच देवस्थळी काका लंडनजवळच्या स्टॅनमोरमधल्या आपल्या घराच्या गॅरेजमध्ये बसून हरीण मारायची बंदूक बनवत होते. साधीसुधी नाही, लांब पल्ल्याची.

मी त्यांची शेजारीण. आमच्या दोन बागांच्या मधल्या कुंपणाची एक फळी सैल आहे आणि तिथून आमचे डबे, वाट्या आणि बातम्या ये-जा करतात. तरी ही बातमी मला बऱ्याच उशिरा लागली. एका शनिवारी मी गॅरेजमध्ये डोकावले, तर काका टेबलावर पालथे पडलेले, गाल एका लाकडी दांड्यावर टेकवलेला आणि एक डोळा मिटून ते वॉशिंग मशीनकडे टक लावून बघतायत.

"काका, पाठ धरली का?"

"नाही गं मेघना. नेम धरतोय."

तो लाकडी दांडा म्हणजे बंदुकीचा दस्ता होता. बाकीची बंदूक यायची होती.

काका जन्मभर स्लाऊच्या एका कंपनीत हिशेब बघत होते. आयुष्याचं सगळं तत्त्वज्ञान त्यांनी एका वाक्यात बसवलं आहे: "पल्ला लांबचा, खर्च आटोपता." घरात बूट घ्यायचे असोत, गालिचा घ्यायचा असो, कुणाला सुट्टीला जायचं असो, काका हे वाक्य म्हणतात आणि सगळ्यात स्वस्त वस्तू घेऊन ती सगळ्यात जास्त वर्षं वापरतात. बंदुकीलाही त्यांनी वेगळी वागणूक दिली नाही. दस्ता कुणा धिप्पाड इंग्रजाचा, सेकंडहँड. त्यावर काकांचा गाल पोचेना, म्हणून काकूंच्या चिरलेल्या पोळपाटाचा तुकडा तासून वर बसवला. बंदूक टेकवायला वाळूची उशी लागते, ती जुन्या जीन्सचा पाय शिवून तयार झाली, आणि वाळू विकत घ्यायची जिवावर आली म्हणून आत तुकडा तांदूळ भरला. नळी आतून पुसायला मऊ कापड लागतं. काकांच्या वडिलांनी ज्या धोतरात वर्षानुवर्षं पूजा केली, त्या धोतराच्या चिंध्या आता त्या नळीतून आरपार जायच्या.

नळी आणि तिच्यामागचा यंत्राचा भाग मात्र इथे परवान्याशिवाय मिळत नाही. तो बसवतोही परवानाधारक दुकानदारच. तिथे काकांनी घासाघीस करून पाहिली. पण दुकानदार पडला इंग्रज, त्याला वाटलं हा माणूस नुसत्या गप्पा मारतोय. बंदुकीवर बसवायच्या दुर्बिणीच्या बाबतीत काकांनी त्याचं अजिबात ऐकलं नाही. तो म्हणत होता, "एवढी ताकदवान दुर्बीण तुम्हाला लागणार नाही, ही छोटी घ्या." सेलमध्ये दोन्हींचा भाव एकच होता. त्याच भावात मोठी मिळत असताना छोटी घेणारा देवस्थळी अजून जन्माला यायचाय.

परवान्याचीही एक कथाच आहे. चौकशीला पोलिसांचा माणूस घरी आला तो नेमका दसऱ्याला. बंदूक ठेवायचं लोखंडी कपाट भिंतीला पक्कं ठोकलेलं होतं, नियमाप्रमाणे. कपाटाला झेंडूचं तोरण आणि हळदीकुंकू होतं, आमच्या नियमाप्रमाणे. तो बिचारा बराच वेळ त्या लाल बोटांकडे बघत राहिला. मग त्याने विचारलं, "मिस्टर देवस्थळी, तुम्हाला रायफल नक्की कशासाठी हवी आहे?"

काका खरं बोलणारा माणूस. म्हणाले, "इट इज फॉर माय वाइफ."

त्या माणसाने पेन खाली ठेवलं. सुदैवाने तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या आणि "फॉर मी टू ईट! डिअर! डिअर!" असं ओरडून त्यांनी स्वतःचा जीव आणि काकांचा परवाना दोन्ही वाचवले. कपाटाची किल्ली कुठे आहे हे बायकोलासुद्धा कळता कामा नये, असं जाताना त्याने बजावून सांगितलं. काकू म्हणाल्या, "एवढ्या संसारात सरकारने पहिल्यांदाच ह्यांची बाजू घेतली."

हरणाच्या शिकारीला इथे स्टॉकिंग म्हणतात, हे काका कुठूनसं शिकले आणि आमच्या मंडळाच्या गणपतीत त्यांनी ते स्टेजवरून जाहीर केलं. सेवानिवृत्तांच्या छंदांचा कार्यक्रम होता. कुणी सुडोकू सांगितलं, कुणी बागकाम. काका माईक हातात घेऊन म्हणाले, "आय हॅव टेकन अप स्टॉकिंग. ॲट माय एज, स्लोली, फ्रॉम अ लाँग डिस्टन्स." इथे वाढलेल्या पोरांना स्टॉकिंग म्हणजे बायकांचा चोरून पाठलाग एवढंच माहीत; ती सगळी वळून काकूंकडे बघायला लागली. माझी मुलगी इरा माझा हात घट्ट धरून म्हणाली, "आई, काका कुठला बाई फॉलो करतो? काकूला माहीत आहे?"

काकूंना माहीत होतं, कारण हे सगळं सुरू झालं होतं काकूंमुळेच.

सुलभा काकू कोकणातल्या मराठा घरातल्या. त्यांचे वडील शिकारी, म्हणजे तेव्हा ते चालत होतं. काकूंचं बालपण भेकराच्या मटणावर पोसलेलं. भेकर हे कोकणातलं बुटकं हरीण, कुत्र्यासारखं भुंकतं. अशा घरात काका मुलगी मागायला गेले, कुरमुरेसुद्धा निवडून खाणारे काका. सासरे मिशीवर हात फिरवत सगळ्यांदेखत म्हणाले, "आमच्यात नेम म्हणजे बंदुकीचा. तुमच्यात नेम म्हणजे पूजेचा. ह्याचं आणि माझ्या लेकीचं जमायचं कसं?" जमलं. पण ते वाक्य काकांच्या पायात काट्यासारखं राहिलं. पुढे ही दोघं स्टॅनमोरला आली, आणि एका संध्याकाळी मागच्या झाडीतून भुंकण्याचा आवाज आला. काकू हातातली कढई तशीच घेऊन बागेत धावल्या. "अहो, भेकर! आपलं भेकर!" इथे त्याला मुंटजॅक म्हणतात, आपल्या भेकराचं जवळचं भावंड. सासरे तोवर गेले होते, पण काकांनी त्याच दिवशी ठरवलं, नेम दाखवायचा.

ठरवलं आणि मग वर्षानुवर्षं नुसती बंदूक बनवली. प्रत्येक भाग आला की त्याहून स्वस्त भाग कुठेतरी मिळतोय असं त्यांना कळायचं आणि पहिला परत जायचा. नेमबाजीच्या क्लबात जाऊन तिथल्या बंदुकीने ते पुठ्ठ्यावर गोळ्या मारायचे, त्या बऱ्याच लागायच्याही. भेकरांना मात्र काही धोका नव्हता. माझी तर खात्री होती की ही बंदूक पुरी होऊच नये अशी काकांची मनापासून इच्छा आहे.

मग मागच्या वर्षी काकू आजारी पडल्या. मोठं आजारपण, ज्याचं नाव आमच्याकडे हळू आवाजात घेतात ते. उपचार संपले, रिपोर्ट बरे आले, पण काकूंची चव गेली. वरणभात नको, मासे नको, सोलकढीकडे बघवेना. डॉक्टर म्हणाले, वजन असंच उतरत राहिलं तर कठीण आहे, काहीही करा पण खायला घाला. काका रोज काहीतरी रांधून समोर ठेवायचे आणि काकू रोज ताट सरकवायच्या. घरात आता दोन प्रकारच्या गोळ्या झाल्या. एक कुलपात, आणि दुसऱ्या जेवणाच्या टेबलावर निळ्या डबीत, सकाळच्या, दुपारच्या, रात्रीच्या अशा वेगवेगळ्या.

एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे बसले होते आणि झाडीतून ते भुंकणं आलं. काकू उशीवरून उठून बसल्या. "बाबा करायचे तसं भेकराचं मटण असतं ना, तर उतरलं असतं घशाखाली," त्या सहज म्हणाल्या आणि पुन्हा आडव्या झाल्या.

पण काका सहज घेणारे नव्हते. आठवड्याभरात बंदूक पुरी झाली. एकही भाग परत गेला नाही.

केंब्रिजच्या बाजूला टॉम नावाच्या शेतकऱ्याने त्यांना आपल्या जमिनीवर परवानगी दिली होती, कारण मुंटजॅक त्याची नवी रोपं फस्त करत होते. काकूंनी मला बोलावून सांगितलं, "तू जा गं ह्यांच्याबरोबर. ह्यांना स्वतःचा मफलर सापडत नाही." मग मी गाडी काढली. मोटरवेवर मी त्यांना विचारलं, "काका, एवढी लांब पल्ल्याचीच का हो बनवलीत?"

"जवळून त्याचे डोळे दिसतात गं," काका म्हणाले. "लांबून मारलं की ठिपका. ठिपका मारायला काय वाटायचंय?"

टॉमने बंदूक बघितली, पोळपाटाचा तुकडा बघितला, तांदळाची उशी बघितली, आणि दिलखुलास हसला. म्हणाला, "हिने पलीकडच्या गावात मारता येईल. माझे मुंटजॅक तर त्या ट्रॅक्टरजवळ येतात." आणि ट्रॅक्टर आमच्या गल्लीतल्या पोस्टाच्या पेटीइतका जवळ होता. काकांचा चेहराच पडला.

शेताच्या कडेला लाकडी मचाण होतं. काका आणि मी त्यावर चढून बसलो, तांदळाची उशी कठड्यावर ठेवली. ऊन उतरायला लागलं आणि झाडीतून एक मुंटजॅक मादी आली. बुटकी, तपकिरी, पाठ वाकलेली. साध्या डोळ्यांनी मला ती कुत्र्याएवढी दिसत होती. काकांनी गाल पोळपाटावर टेकवला, डोळा त्या दुर्बिणीला लावला. मला ते व्हायलाही हवं होतं आणि नकोही होतं.

"मेघना," काका कुजबुजले, "अगं, हिला पापण्या आहेत."

सेलमधल्या त्या दुर्बिणीने हरीण उचलून काकांच्या नाकासमोर आणून ठेवलं होतं.

"लांब लांब पापण्या आहेत. तोंडात पान आहे, चघळतेय. आता कान हलवला." त्यांनी गाल पोळपाटावर आणखी दाबला. "घशात अडकतंय बहुतेक. थांबून थांबून गिळतेय गं."

एवढं बोलून काकांनी बंदुकीतून काडतूस काढलं, खिशात ठेवलं आणि चष्मा पुसत बसले. हरीण रोपं खात राहिलं. आम्ही दोघांनी त्याचं जेवण होईपर्यंत वाट बघितली.

खाली आल्यावर काकांनी टॉमला एका बाजूला घेतलं. टॉमच्या शेतावरच्या दुकानात फ्रीझर होता आणि फ्रीझरमध्ये मुंटजॅकचं मटण होतं. टॉमने भाव सांगितला. काकांनी मुकाट्याने पैसे दिले. या माणसाला घासाघीस न करता काही घेताना मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते आणि मला एकदम रडूच आलं. गाडीत काका नखाने पाकिटावरचं लेबल खरवडत बसले. "हिला सांगायचं नाही. डाव्या खांद्याला गोळी लागली. काय?"

"डाव्या खांद्याला," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंना खुर्चीत बसवून काकांनी ते मटण स्वतः शिजवलं. बागकामाचे हातमोजे घालून, नाकाला मफलर बांधून. काकू खुर्चीतून हुकूम सोडत होत्या: "खोबरं अजून भाजा. अहो, घाबरता काय, मेलंय ते!" मग ताट पुढे आलं. काकूंनी एक घास घेतला. आम्ही दोघं श्वास रोखून उभे होतो. त्यांनी दुसरा घेतला, मग भाकरी मोडली, मग रस्सा ओरपला.

"काय नेम आहे तुमचा!" त्या म्हणाल्या.

काका लाजून लाल झाले आणि भांडी घासायला आत पळाले.

नळ सुरू झाल्याचा आवाज आल्यावर काकू माझ्याकडे वळल्या. "हे गं काय? शिकारीचं मटण असं सारख्या चौकोनी तुकड्यांत येतं होय? बाबांच्या शेजारी बसून मी कितीतरी भेकरं सोलताना बघितलीत."

मी मान खाली घातली. "मग बोलला नाहीत ते?"

"कशाला बोलू?" काकूंनी बोट चाटलं. "बाबांचं काय, निम्मी भेकरं हातची निसटायची आणि मग घरभर आरडाओरडा. मला लहानपणापासून त्या नेमाचा कंटाळा. म्हणून तर पूजेचा नेमवाला केला. मी हॉस्पिटलातून आल्यापासून बघतेयस ना तू? सकाळी उठवायचं, पेज करायची, पाय चेपायचे. एक दिवस चुकला नाही गं माणूस."

नळ बंद झाला. काका दारात उभे, एका हातात पाण्याचा पेला, दुसऱ्या हातात निळी डबी. एक हातमोजा काढायचा राहूनच गेला होता.

"दुपारची वेळ झाली," ते म्हणाले.

काकूंनी तोंड उघडलं. काकांनी वाकून, एक डोळा बारीक करून, गोळी बरोबर जिभेवर ठेवली.