नलूताईंचं सायकलचं अपील

आमच्या शेजारच्या नलूताई कुणाचाही नकार तोंडी घेत नाहीत. दूधवाल्याने "उद्या नाही येत" म्हटलं, तरी त्या त्याला ओट्यावर बसवतात आणि हातात पेन देतात. "तोंडी नाही चालत. लिहून दे." बिचाऱ्याला सही करता येते तेवढीच. मग मजकूर ताई सांगतात आणि लिहितो मी, कारण मी शाळामास्तर आणि माझं घर भिंतीला भिंत लागून.

ताई भूमी अभिलेख कार्यालयातून निवृत्त झालेल्या. लग्न केलं नाही. आई-वडलांचं म्हातारपण काढलं, आता घरात एकट्या. बाहेर पडताना सुती पातळ, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात शिट्टी. शिट्टी कशाला, हे विचारायची आमच्या गल्लीत कुणाची छाती नाही.

यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं हे तालुक्याचं गाव. जिनिंगचे भोंगे, कापसाच्या गाड्या आणि मधोमध नगरपरिषदेची एक बाग. बागेला गोल सिमेंटचा रस्ता आहे. त्या रस्त्यावर एके सकाळी नलूताईंनी माझ्या बायकोला, सुनंदाला, सायकलवर बसवलं. सोबत डबे पोचवणाऱ्या शकुंतलाबाई. दोघी पन्नाशीच्या आसपास. ताई मागून कॅरियर धरून धावत होत्या आणि शिट्टी फुंकत होत्या. शिट्टीचं कोडं असं सुटलं.

चौकीदार रामधन राठोड काठी आपटत आला. त्याने फाटकावरचा फलक दाखवला. 'बागेत सायकल आणण्यास मनाई. लहान मुलांच्या सायकली वगळून.' ताईंनी पावती मागून घेऊन दंड भरला आणि तिथूनच नगरपरिषद गाठली. बागेत दुपारी सायकल शिकवायची परवानगी द्यावी, असा अर्ज केला.

उद्यान विभागाचे बाबू म्हणाले, "बाई, हे काही जमनार नाही."

"लिहून द्या."

त्यांनीही लिहून दिलं. 'प्रौढ महिलांस सायकल शिकविण्याची तरतूद नसल्याने अर्ज नामंजूर.' तो कागद घेऊन ताई आमच्याकडे आल्या, तेव्हा त्यांचा चेहरा पेढे वाटायला आल्यासारखा फुलला होता. "नामंजूर झाला म्हंजे अपील करता येते, अरुण. बस लिहायले."

अपिलाची तारीख लागेपर्यंत थांबतील त्या नलूताई कसल्या! दुसऱ्याच दिवशी त्यांनी कुठून तरी एक गुलाबी, लहान मुलांची सायकल पैदा केली. पुढे टोपली, हँडलला झिरमिळ्या. तिच्यावर शकुंतलाबाई बसल्या तेव्हा त्यांचे गुडघे हनुवटीला लागत होते. सुनंदा हसून हसून बाकावर आडवी झाली. रामधन डोकं धरून उभा.

"बाई, हे काय करून राह्यल्या?"

"मुलांची सायकल आहे. वाच आपला फलक."

"सायकल मुलाइची आहे, पन बसनारी कुठं लेकरू आहे?"

"फलकावर सायकलीचं लिहिलं हाय, बसनाऱ्याचं काही लिहिलं काय?"

रामधनने बराच विचार केला आणि दुसरी पावती फाडली. पण फाडून झाल्यावर तो गेला नाही. घुटमळत म्हणाला, "बाई, माहीवाली बायको अंगनवाडीत मदतनीस हाय. तांड्यावर जाते, पायी. एसटी तिकडं जात नाही. तिले येईन काय हे?"

ताईंनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कायले नाही येनार? उद्या घेऊन ये."

अशी दंड करणाऱ्याची बायको, पार्वती, आमच्या पक्षाला मिळाली.

सुनावणीला मी सोबत गेलो. मुख्याधिकारी तरुण होते, नवीन बदलून आलेले. त्यांनी फाईल चाळली, गुलाबी सायकलीपाशी आल्यावर तोंडावर रुमाल धरला. मग सावरून म्हणाले, "मॅडम, एवढं मोठं शाळेचं मैदान आहे. तिथे का शिकवत नाही?"

ताई खुर्चीवरून उठल्या. मला वाटलं, आता कलमं काढतील. घरी आम्ही तशी तयारी केली होती. पण त्या कागद न उघडताच बोलल्या.

"मैदानावर पोट्टे क्रिकेट खेळतेत, साहेब. बाई पडली की टाळ्या वाजवतेत. सुनंदा पहिले तिथंच शिकत होती, एकदा पडली, अन् पंधरा दिवस घराबाहेर निघाली नाही. शिकायचं म्हटलं तं पडाच लागते. लेकरू रस्त्यात पडते, लोक उचलतेत. बाईमानूस पडलं, तं लोक पाहातेत. मले बाग नको. मले पडायले आडोसा पाहिजे."

सुनंदा पडल्याचं मला त्या दिवशी कळलं. मला ती पाठ दुखते म्हणाली होती.

साहेबांनी रुमाल खाली ठेवला. मग बाबूंना बोलावलं. दुपारी बाग बंद असते, त्या वेळात परवानगी. दुसरा दंड माफ. पहिला मात्र कायम, कारण तेव्हा अर्जच नव्हता.

"पहिला बरोबरच होता," ताई म्हणाल्या. "त्याची माफी मी मागतलीच नाही."

नंतर सगळा हिवाळा बागेतून शिट्टी ऐकू येत असे. सुनंदा शिकली, आता भाजीला सायकलवर जाते. शकुंतलाबाईंचे डबे हँडलला लटकू लागले. पार्वती सगळ्यांत उशिरा शिकली, पण एका दुपारी जी निघाली ती फाटकातून थेट तांड्याच्या वाटेला लागली. रामधनने ताईंच्या पायाला हात लावला. "याडी," म्हणाला. बंजाऱ्यांच्या गोरबोलीत आईला याडी म्हणतात.

त्यानंतर एका सुट्टीच्या दुपारी सुनंदाने मला ताईंकडे भाजीचा डबा घेऊन पाठवलं. घराला कुलूप होतं, म्हणून बागेत गेलो. कुणीच नव्हतं. नलूताई एकट्याच मोठी सायकल हाताने धरून गोल रस्त्यावरून चालत होत्या. मधूनच एक पाय पायडलवर ठेवायच्या, थोडं लंगडत जायच्या आणि पाय काढून घ्यायच्या. मला पाहून थांबल्या.

"ताई, बसा ना. चालवा."

"मले येत नाही."

मला आधी गंमतच वाटली. "मग एवढ्या जणींना शिकवलं कसं?"

"शिकवाले काय लागते? मागून धरायचं अन् धावायचं." त्या ब्रेक दाबून सोडत होत्या, पुन्हा दाबत होत्या. "त्याइले धरायले मी होती."

मी भाजीचा डबा बाकावर ठेवला आणि कॅरियर धरला. नलूताईंनी एकदा फाटकाकडे पाहिलं, पदर खोचला आणि बसल्या. कॅरियरच्या लोखंडातून त्यांच्या अंगाचा थरथराट माझ्या हातात येत होता. तोल जाईल तसा मी सावरत होतो, आणि त्या दात आवळून पायडल मारत होत्या. एक अख्खी फेरी झाली.

उतरल्यावर त्या माझ्याकडे न पाहता पदराने हँडल पुसत राहिल्या.

"अरुण," म्हणाल्या, "उद्या येशीन काय?"