घैसासकाकांचा थॉमस

पहिल्याच भेटीत घैसासकाकांनी मला विचारलं, "तुझे पणजोबा कशाने गेले?"

मी नुकतीच लग्न होऊन इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला आले होते. अंगावर नवी साडी, हातात जेवणाचं ताट, आणि समोर हा उंच, किंचित वाकलेला, घरातही टाय लावून बसणारा माणूस उत्तराची वाट बघत उभा.

"माहीत नाही हो. म्हातारपणाने गेले असतील."

"म्हातारपण हे कारण नसतं," काका म्हणाले. "कागद काय म्हणतो ते बघायला हवं."

"अहो, तिला जेवू द्या!" सुमनकाकू स्वयंपाकघरातून ओरडल्या, तेव्हा कुठे माझी सुटका झाली.

काका पॅथॉलॉजिस्ट होते. मेलेली माणसं तपासायची आणि मरणाचं कारण लिहायचं, यात वीस वर्षं गेलेली. जिवंत माणसांशी कसं बोलायचं हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. इथल्या मराठी मंडळींतल्या कुलकर्णीबाईंनी कौतुकाच्या अपेक्षेने विचारलं, "श्रीखंड कसं झालंय?" काका म्हणाले, "आंबलंय." ड्रायव्हिंग टेस्टमध्ये ते तीनदा नापास झाले. तिसऱ्या खेपेला तर त्यांनी परीक्षकाच्या नखांकडे बघून त्याला हार्ट दाखवून घ्यायला सांगितलं होतं.

हे सगळं हसण्यावारी जायचं. पण आमच्यातल्याच एका गृहस्थांचे वडील वॉर्डमध्ये वारले तेव्हा त्यांनी रडत रडत काकांना विचारलं, "शेवटी त्यांना त्रास तर नाही ना झाला?" काका म्हणाले, "झाला. बराच वेळ." त्या घराने काकांशी संबंध तोडला तो कायमचा. काकूंनी चिडून विचारलं, "नाही म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं?" काकांना खरंच कळेना. "पण झाला होता ना त्रास," एवढंच ते म्हणत राहिले.

रिटायर झाल्यावर काका घरात काकूंना नको नको करून सोडणार, अशी आम्हाला खात्री होती. पण तेवढ्यात थॉमस आला.

झालं असं, की जवळच्या एका खेड्यातल्या चर्चच्या व्हिकरला, म्हणजे तिथल्या पाद्र्याला, अमेरिकेतून एका बाईंचं पत्र आलं. मिसेस बर्डेट त्यांचं नाव. त्यांचा मूळपुरुष थॉमस पेडली साडेतीनशे वर्षांपूर्वी याच खेड्यातून बायको आणि दोन मुलगे घेऊन जहाजाने अमेरिकेला गेला होता. तिथे जंगल तोडून वस्ती करणाऱ्या पहिल्या काही लोकांतला तो एक. त्याची इथली काही नोंद सापडेल का, असं बाईंनी विचारलं होतं. व्हिकरला जुनं अक्षर लागेना. काका म्हणाले, "जन्मभर डॉक्टरांचं अक्षर वाचलंय. द्या इकडे."

पुढची पाच-सहा वर्षं आमच्या सगळ्या समारंभांत एक जास्तीचा पाहुणा असायचा. गणपतीची आरती संपली की काका सुरू. "आमच्या थॉमसची बायको पहिल्याच हिवाळ्यात गेली. मला स्कर्व्ही वाटतोय. धाकटा मुलगा बहुधा जुलाबाने." लोक मोदक हातात धरून ऐकायचे. कुणीतरी हळूच प्लेट खाली ठेवायचं. "मोठा मुलगा तेवढा जगला. त्याच्यापासून पुढची तीनशे माणसं!" आणि काकांचा चेहरा असा फुलायचा, जणू ती तीनशे माणसं बाहेर हॉलमध्ये कोट काढून ठेवतायत.

काकांना गाडी येत नव्हती म्हणून दर गुरुवारी मी त्यांना जुनी कागदपत्रं ठेवतात त्या रेकॉर्ड ऑफिसला घेऊन जायची. मी स्वतः लायब्ररीत पार्ट-टाइम काम करायची, त्यामुळे मला त्या शांततेचं काही वाटायचं नाही. ते वाचायचे, मी विणत बसायची. एका गुरुवारी त्यांनी मला खुणेने बोलावलं. दफनाच्या नोंदींचं पुस्तक उघडं होतं. कागदाला न टेकवता त्यांनी एका ओळीखाली बोट धरलं आणि मला वाचून दाखवलं.

"ॲलिस, थॉमस पेडलीची मुलगी. बाप समुद्रापार."

"मुलगी पण होती?"

"बाप्तिस्म्याची नोंद मिळाली होती. ते निघाले तेव्हा ती तीन वर्षांची होती. मिसेस बर्डेटच्या घरच्या वंशावळीत लिहिलंय, ते निघण्यापूर्वीच ती वारली." काकांनी चष्मा काढला. "जहाज एप्रिलमध्ये सुटलं. ही नोंद पुढच्या फेब्रुवारीतली आहे."

"म्हणजे तिला इथेच ठेवून गेले? का?"

"ते लिहिलेलं नाही."

मी सवयीने, थोडं थट्टेनेच विचारलं, "आणि काका, मृत्यूचं कारण?"

त्यांनी पुस्तक मिटलं. आणि बाईंना प्रत्येक बारीकसारीक गोष्ट कळवणाऱ्या काकांनी ही गोष्ट वर्षभर कळवली नाही.

मग मिसेस बर्डेट स्वतःच आल्या. वय ऐंशीच्या पुढे, हातात काठी, पायात पांढरे स्पोर्ट्स शूज. काकूंच्या डायनिंग टेबलवर त्यांनी चादरीएवढी वंशावळ पसरली. तिला सुरकुती पडू नये म्हणून काकांनी चारी कोपऱ्यांवर लोणच्याच्या बरण्या ठेवल्या. दुपारी मी दोघांना त्या खेड्यातल्या चर्चला घेऊन गेले. काकूंना येणार का विचारलं, तर त्या म्हणाल्या, "नको. मला थंडी सोसत नाही." मे महिना होता.

चर्चमागच्या गवतात सगळे दगड झिजून गुळगुळीत झालेले. एकावरही नाव उरलं नव्हतं. बाई काठीवर जोर देऊन बराच वेळ उभ्या होत्या.

"डॉक्टर," त्या म्हणाल्या, "आमच्याकडे पिढ्यानपिढ्या सांगतात, छोटी ॲलिस आधी गेली आणि मग ते निघाले. मागे कुणी राहिलं नव्हतं म्हणूनच निघाले. लहानपणी मला भीती वाटायची, ती चुकून मागे राहिली असेल तर? माझी आई म्हणायची, वेडी आहेस. ती आधीच गेली होती ना?"

मी काकांकडे बघायचं टाळलं. मला ते वारलेले वडील आणि तो रडणारा मुलगा आठवला. आता काका खिशातून नोंदीची नक्कल काढणार, तारीख वाचून दाखवणार.

"हो," काका म्हणाले. "आधीच. आईच्या मांडीवर गेली."

बाईंनी डोळे पुसले, काकांचा हात दोन्ही हातांत धरला, आणि आम्ही त्यांना त्यांच्या हॉटेलवर सोडलं.

परतताना मला राहवलं नाही. "काका, तुम्ही खोटं बोललात."

"गाडी जरा बाजूला घे," ते म्हणाले.

मी एका बंद दुकानासमोर गाडी थांबवली.

"आमच्या माधवीबद्दल सुमनने तुला काय सांगितलंय?"

काका-काकूंना एक मुलगी झाली होती आणि ते इकडे येण्यापूर्वीच ती गेली, एवढंच काकू मला एकदा पोळ्या लाटताना बोलल्या होत्या. मी तसं सांगितलं.

"आम्ही आलो नोव्हेंबरात," काका समोरच्या काचेकडे बघत म्हणाले. "ती गेली पुढच्या जूनमध्ये. सांगलीला, माझ्या आईकडे. जागा मिळाली की आणू म्हणालो होतो. त्या वेळी काळ्या माणसाला खोली मिळायची मारामार, त्यात मूल असलं तर दार लावून घ्यायचे. दोनदा दिवस ठरवला, दोनदा पुढे ढकलला. मग तार आली. ताप होता, एवढंच आईने नंतर कळवलं. ती दारात बसून राहायची म्हणे, रिक्षा वाजली की. इथे सगळ्यांना आधी गेली असंच सांगितलं. सुमनला ‘नंतर गेली’ असं म्हणवेना. मलाही."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. त्यांनी तो तसाच राहू दिला.

घरी पोचलो तेव्हा काकू दार उघडून उभ्या होत्या. त्यांनी कसं झालं, बाईंना चर्च आवडलं का, असलं काही विचारलं नाही.

"काय सांगितलंत त्यांना?"

"आधी गेली म्हणून सांगितलं," काका म्हणाले.

चारचौघांत नवऱ्याला नावानेही हाक न मारणाऱ्या काकू. माझ्यासमोर त्यांनी काकांच्या कोटाची बटणं एकेक करून काढली, कोट खांद्यावरून उतरवला आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"बरं केलंत," त्या म्हणाल्या.