आमेन होईपर्यंत

"टोपी एवढी खाली का ओढलीयस? रस्ता दिसतोय ना?" घोडागाडीवर शेजारी बसलेल्या हॉबर्टसाहेबांनी विचारलं.

"ऊन लागतंय, साहेब," लेम्युएल म्हणाला.

ऊन फ्लोरिडाचं होतंच, पण खरं कारण पुढच्या ओकच्या झाडांखाली बसलं होतं. लेम्युएलच्या चर्चची सहल नेमकी आजच या करमणूक बागेत आली होती. चर्चमध्ये तो डीकन, म्हणजे पाद्रींचा मानाचा मदतनीस, आणि पाद्री टर्नबो तर दारूच्या थेंबाला सैतानाची लाळ म्हणत. लेम्युएल घोड्यांचं काहीतरी काम करतो, एवढंच तिथे ठाऊक. ते आठ अवजड घोडे म्हणजे जाहिरातींतून देशभर गाजलेले बिअर कंपनीचे घोडे, आणि मागच्या लाल गाडीवर पिंपांची रास, हे सांगायचं दर रविवारी राहून जाई. त्यात लगाम त्याच्या हाती आज पहिल्यांदाच आले होते.

"झाडांपाशी जरा जोरात काढू का?"

"मिरवणूक आहे, लेम. लोकांना घोडे बघू दे."

तेवढ्यात झाडांखालून पाद्रींचा सूर उठला. जेवणाआधीची प्रार्थना ते गाऊनच करत. गळा असा, की ऐकणाऱ्याने भूक विसरावी. लेम्युएल क्षणभर सुखावला आणि मग त्याने दचकून पुढे पाहिलं. आठही घोडे थांबले होते.

घोड्यांचं काही चुकलं नव्हतं. रोज सकाळी त्यांच्या पायांवरचे पांढरे झुपके धुताना लेम्युएल पाद्रींचीच प्रार्थना त्याच चालीत गाई. सूर लागला की पाय रोवून उभं राहायचं; शेवटचं लांबलचक आमेन झालं की गाजर.

"अरे, हाक की."

"हलणार नाहीत, साहेब. प्रार्थना चाललीय."

"घोड्यांची?"

"त्यांचीही."

मागे बँड खोळंबला. बँडमागे शहामृगांच्या पोशाखातली माणसं घामाने निथळू लागली. पाद्री डोळे मिटून गात होते. त्यांचं आमेन झालं तर घोडे हलणार, पण त्यांचे डोळेही उघडणार. आणि समोर पिंपं, पिंपांपुढे डीकन. आमेन नाही झालं तर मुक्काम इथेच. पाद्री तर आत्ता कुठे नोहाच्या तारवात एकेक प्राणी चढवत होते.

"मग तूच म्हण ना ते आमेन," साहेब दात आवळून म्हणाले. "नाहीतर उद्यापासून पुन्हा पाय धुवायला जा."

लेम्युएलने हळूच म्हणून पाहिलं. घोड्यांनी कान हलवले, पाय नाही. शेवटी मनातल्या मनात देवाची क्षमा मागून त्याने छातीभर श्वास घेतला आणि रोजचं लांबलचक आमेन सोडलं.

गाडी हलली. पण आपल्या चर्चमधला तो खर्जातला आवाज पाद्री ओळखणार नाहीत तर कोण?

"लेम्युएल," झाडाखालून शांत हाक आली. "तारू अजून भरलं नव्हतं, बाबा."

त्याने लगाम खेचले. पाद्री चालत गाडीपाशी आले. पिंपांवरची सोनेरी अक्षरं त्यांनी सावकाश वाचली.

"यात काय आहे?"

"काही नाही, पाळकसाहेब. शोभेची आहेत." लेम्युएलने टोपी काढली. "मी सांगायला हवं होतं."

"हवंच होतं. रविवारी बोलू त्यावर. हे घोडे का थांबले होते?"

"तुमच्या प्रार्थनेला. आमेन झाल्याशिवाय हलत नाहीत."

पाद्रींनी मागे वळून पाहिलं. प्रार्थना पुरी व्हायच्या आतच तळलेल्या कोंबडीचे डबे उघडले होते, आणि डीकन बर्डेट मिशी पुसत होते.

"इतकी वर्षं मी देवाकडे अशी मंडळी मागतोय," घोड्याच्या मानेवर हात ठेवत पाद्री म्हणाले, "आणि तू ती बिअरवाल्यांकडे बांधून ठेवलीस."

हॉबर्टसाहेबांनी घाईघाईने विचारलं, "मग आम्ही निघू?"

"निघा की. पण अर्धवट प्रार्थनेवर कुणाला धाडू नये. पहिल्यापासून घेतो."

त्यांनी सूर लावला. आठही घोड्यांनी पाय रोवले. लेम्युएलने टोपी मांडीवर ठेवली आणि निवांत डोळे मिटून घेतले.