पोरानं अध्यक्ष गिळला

"थुक! थुक म्हंते न्हवं! आवं, पानी आना कुनीतरी, पोरानं अध्यक्ष गिळला!"

मी अशी वरडले आन् तालमीच्या अंगनात बसल्याली समदी गल्ली हसाया लागली. मला कुटलं हसू? धा म्हयन्याचं पोर, नुकतं वरचं दोन दात आल्यालं. घशात कागद अडकला तर? मी बोट घातलं, त्यो चावला. परत घातलं. वला लगदा हाताला लागला, त्यो मुठीत धरला आन् पोराला पालथं घालून पाठ थोपटाया लागले. त्यो रडला तवा कुटं माजा जीव भांड्यात पडला.

आमच्या गल्लीच्या फुटबॉल मंडळाचा अध्यक्ष निवडायचा हुता. दोन नावं, दोन चिठ्ठ्या, तुपाचा मोकळा डबा. चिठ्ठी काढायची ती ल्हान पोरानं, त्येच्या मनात पाप नसतंय म्हनून. पाप नसतंय, खरं दात शिवशिवत्यात, ह्ये कुनाच्या ध्यानात आलं न्हाई.

दोन नावांतलं एक आबांचं. आबा आमच्या भिंतीपल्याड ऱ्हात्यात, एकलंच. सांगलीच्या हळदीच्या पेठंत तोलाईदार. बोटं पिवळी, कान पिवळं, सदऱ्याची कॉलर पिवळी. मानूस भेटला की रामराम न्हाई, आदी डोळ्यानं वजन.

"एकसष्ट. मागच्या म्हयन्यात त्रेसष्ट हुतास रं. बायको म्हायेरी गेलीया काय?"

ती खरंच गेल्याली असती!

माज्या पोराला तर दर सुट्टीला पेठंत न्हेऊन काट्यावर बसवत्यात. मग माज्या दाराच्या चौकटीवर खडूनं आकडा लिवत्यात. "आठ किलो दोनशे. दूध वाढीव, सूनबाई." चौकट पार भरत आलीया.

आजवर मंडळाचं अध्यक्ष बी आबाच, आन् कारभार बी तसाच. "वजन बगून मानूस घ्यावा," ह्ये त्येंचं बोलनं. गोलात उबा केला बापूला, गुळाच्या अडतीवरच्या. चौऱ्यान्नव किलो. "पोत्याच्या आरपार बॉल जातोय का कदी?" जात न्हाई. खरं पोत्याच्या बाजूनं जातोय. टीम निवडायला नेमला किरानावाला, का तर त्येचा काटा खरा. त्येला गोल कुटला आन् कार्नर कुटला ते बी ठावं न्हाई. आन् आमचं मालक पळाया वारा, खरं भरलं बावन्न किलो. "फुकलं तर उडंल," म्हनून आबांनी त्यास्नी लिंबाच्या फोडी वाटाया बसिवलं. मिरजेच्या टीमनं सात गोल घातलं तवा मालक लिंबू चिरत हुतं.

दुसरं नाव सुभेदारांचं. मूळचं पाटनकडचं, खरं ल्हानपनी आमच्याच गल्लीत मामाकडं वाढल्यालं. पल्टनीत टीम घडिवली, आता पेन्शनीत आल्यात. अर्धी गल्ली म्हनली, "ह्यास्नी करा." अर्धी म्हनली, "आबास्नी हलवलं तर आमी आमची पोरं काडून न्हेतो, दुसरं मंडळ काडतो." सुभेदार सोता म्हनलं, "आबा हायती तवर मी पायरीवरच बशीन. त्येंनी मला खांद्यावर बसवून मॅची दाखिवल्यात." कोन कुनाचं ऐकंना. मग ठरलं चिठ्ठी. चिठ्ठीम्होरं कोन बोलत न्हाई.

चिठ्ठ्या आबांनीच लिवल्या. कुनी उघडून बगितल्या न्हाईत. ज्येनं काट्याला कदी बोट लावलं न्हाई, त्येची चिठ्ठी कोन तपासनार?

त्या दिशी सकाळी आबा माज्याकडं खोबरेल मागाया आलं हुतं, बॉलच्या चामड्याला लावाया. गळ्यात शिट्टी न्हवती. ती अध्यक्षाची शिट्टी आंघुळीला बी गळ्यात असती. मी इचारलं, "आबा, शिट्टी हरवली काय?"

"पिशवीत ठेवलीया," म्हनलं. एवडंच.

तर पोरानं चिठ्ठी खाल्ली. किरानावाला लय हुशार. म्हनला, "घाबरायचं काय? डब्यात ऱ्हायल्याली बगू. तिच्यावर ज्येचं नाव न्हाई त्यो अध्यक्ष!" उघडली. वाचली. "सुभेदार!"

"म्हंजे पोरानं आबा खाल्लं! आबा आलं, आबा आलं!" गुलाल उडाला. बापू नाचाया लागला. सुभेदारांनी पायरीवर बसून टाळ्या वाजिवल्या.

मी कडंला जाऊन मूठ उघडली. मी चौथी नापास, खरं अक्षर लावून वाचता येतंय. वला कागद, पिवळा अंगठा उमटल्याला, आन् वर "सुभेदा". मी दोनदा वाचलं. वर बगितलं, तर गुलालातनं आबा माज्या मुठीकडंच बगत हुतं. गळ्यात हार, आन् तोंड असं, की कुनीतरी पोतं टाकलंया अंगावर.

आज सकाळी आबा आलं. चौकटीला टेकलं.

"पोराला बाधलं न्हाई न्हवं?"

"न्हाई आबा. आवं, दोनीवर बी सुभेदारच?"

"व्हय."

"मग सांगा की समद्यास्नी!"

"काय सांगू? पस्तीस वर्सं काटा खरा ठेवला आन् चिठ्ठी खोटी केली म्हनून सांगू? मागचं समदंच तोलून काढतील लोकं." मग चौकटीवरच्या आकड्यांवर बोट फिरवत म्हनलं, "सात गोल झालं तवा बापू ढसाढसा रडला, पोरी. त्येला गोलात उबा कुनी केला? म्याच की."

"मंडळ हातचं सुटलं असतं तर सांजचं कुटं बसला असता, आबा?"

आबांनी पोराला कडंवर घेतलं. "ह्येचं वजन करत बसलो असतो," म्हनलं. मग पोर माज्याकडं दिलं आन् गेलं. खडू खिशात तसाच. चौकटीवर आकडा लिवला न्हाई.

रईवारी परत मिरजेसंगं मॅच हाय. गोलात बापू. मालक लिंबाकडं. काल तर मालक म्हनलं, "आनकी एक वरीस. मग माजं पाय बी ऱ्हायचं न्हाईत पळायचं." मी त्यास्नी बी बोलले न्हाई. कागद पदराच्या गाठीत हाय. चूल फुकताना, पानी भरताना हात तितंच जातोय. बोटभर कागूद, त्येला वजन किती असनार? तरी बी पदर वडतोय.

उघडून दाखिवला तर मंडळ वाचंल, मालक मैदानात उतरतील, आन् आबांना सारी पेठ लबाड म्हनंल. न्हाई दाखिवला तर आबांचा काटा खरा ऱ्हाईल, आन् दर रईवारी त्यो मानूस त्या खुर्चीत बसून गोल मोजंल.

तुमी माज्या जागी असता, तर सोडली असती का वो गाठ?