कोकिळाचा ज

"लेहून ठेवा, सरपंच! पोळ्याच्या आत कोकिळाच्या हातून असा ज काढून दाखवतो, की छापखानेवाले लाजतील!"

शेषराव गुरुजींनी छाती फुगवून सांगितलं. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालेलं. धामणगाव बढ्याजवळच्या त्या शाळेत कोकिळा अजून पहिलीतच बसली होती. बसत नव्हती, हीच तर तक्रार! पाटीवर उभी रेघ ओढेपर्यंत खिडकीत चिमणी यायची. चिमणी उडाली की कोकिळाही उडायची. पोळ्यापर्यंत अक्षर आलं नाही, तर तिचा बाप इंद्रभान तिला शाळेतून काढून शेतात निंदणीला धाडणार होता.

गुरुजींनी विचार केला, एवढ्याशा पाटीत या वावटळीला कोंडायचं कशाला? त्यांनी काडीला चिंधी गुंडाळली, बादलीत गेरू कालवला आणि शाळेची मागची अख्खी भिंत तिच्या हवाली केली. हात धरून एक ज गिरवून घेतला. दुसरा तिनं आपल्या मनानं काढला. तिसरा तर असा डौलदार, की गुरुजी धोतर सावरत सरपंचांना बोलवायला पळाले!

सरपंच महादेवराव जेवत होते. मग पान झालं, गप्पा झाल्या. तोवर भिंत संपली. कोकिळा कुठं संपली होती! समोर निंबाखाली गावची पांढरीशुभ्र गुरं निवांत रवंथ करत बसली होती...

गुरं घरी परतली आणि सत्यभामाबाई किंचाळल्या, "अवो, माह्या गाईवर ज काऊन?"

"माह्या बैलावर बी हाय!" रामराव ओरडला. "ज म्हंजे जमा! सरकारजमा! नवं राज्य, नवा कायदा!"

झालं! कोणी गाय माजघरात कोंबली, कोणी कालवडीवर गोधडी पांघरली. रामरावानं बैल तुरीत दडवला, पण तो काही केल्या खाली बसेना!

"थांबा बे!" गुरुजी सरपंचांसह धापा टाकत आले. "कायदा नाही, ते शुद्धलेखन हाय!"

"माह्या गाईवर?" सत्यभामाबाईंनी बादली आणि नारळाची शेंडी गुरुजींच्या हातात दिली.

नाल्यावर सगळ्या गावादेखत गुरुजी गाय घासू लागले. सरपंचांनी वाकून पाहिलं. "पण अक्षर लय सुरेख हाय हो! इंद्रभान, पोरीले शाळेतून काढू नको."

"हाव जी," इंद्रभान पुटपुटला.

गुरुजी फुलून गेले. त्यांनी कोकिळाला पुढं ओढलं. "सांग बाई सगळ्यायले, काय लेह्यलं तू?"

कोकिळानं गाईकडे निरखून पाहिलं. "गवत कापाचा इळा हाय ना जी, खांबाले टांगलेला!"

गुरुजींनी पुढची गाय घासायला घेतली.